देवळीचा कापूस आणि विकासाचा हिशेब

वर्ध्याहून यवतमाळकडे निघाले की वाटेत देवळी लागते. नागपूर-तुळजापूर राष्ट्रीय महामार्ग या तालुक्यातून जातो. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी वर्धा-कळंब लोहमार्गाचे उद्घाटन झाले आणि देवळीला रेल्वेही मिळाली. औद्योगिक वसाहत आहे. सत्ताधाऱ्यांच्या भाषणांत या साऱ्याला ‘विकास’ म्हणतात. रस्ता नको, रेल्वे नको असे कोणताही शहाणा माणूस म्हणणार नाही. परंतु रस्ता किती रुंद आहे, एवढ्याने अर्थशास्त्राचे समाधान होत नाही. त्या रस्त्याने काय बाहेर जाते, काय आत येते आणि या देवघेवीत भाव कोण ठरवतो, हे विचारावे लागते. देवळीपुरते या प्रश्नाचे उत्तर गेल्या दीडशे वर्षांत फारसे बदललेले नाही.

इतिहास स्पष्ट आहे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस आटला आणि इंग्रज सरकारची दृष्टी वऱ्हाड-नागपूरच्या काळ्या कसदार जमिनीकडे वळली. १८६२ मध्ये वर्धा हा स्वतंत्र जिल्हा झाला. १८६७ मध्ये मुंबईची रेल्वे नागपूरला पोहोचली. हिंगणघाटच्या कापसाचे नाव परदेशी बाजारात घेतले जाऊ लागले. पुढे १९१७ मध्ये पुलगाव-आर्वी ही छोटी रेल्वे झाली, तीही आतल्या मुलखातला कापूस मुख्य लोहमार्गावर आणून टाकण्यासाठी. अमेरिकेतील युद्ध १८६५ मध्ये संपले आणि चढलेले भाव उतरले. सावकाराच्या वहीतील कर्ज मात्र उतरले नाही. कच्चा माल बाहेर, पक्का माल आत आणि तेजी-मंदीचा फटका कास्तकाराच्या माथी, अशी वसाहतीची व्यवस्था येथे रुजली ती तेव्हापासून.

या व्यवस्थेला पर्याय सुचवणारा विचारही याच जिल्ह्यात मांडला गेला, हे विसरता कामा नये. १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि वर्ध्याच्या मगनवाडीत जो. कॉ. कुमारप्पा यांनी ग्रामीण अर्थव्यवस्थेची मांडणी केली. माल जेथे पिकतो तेथेच त्यावर प्रक्रिया व्हावी आणि श्रमाचे मोल गावातच राहावे, हा त्या मांडणीचा गाभा होता. स्वातंत्र्यानंतर राज्यकर्त्यांनी मगनवाडीला वंदन केले आणि नियोजन मात्र दुसऱ्याच दिशेने नेले. देवळी तालुक्यातीलच पुलगावची जुनी कापडगिरणी बंद पडली. कापूस पिकवणाऱ्या तालुक्यात आज कापसाचे मुख्य काम सरकी काढून गाठी बांधण्यापर्यंतच येऊन थांबते. सूत, कापड आणि तयार कपडा यांतून निर्माण होणारे मूल्य दुसरीकडे जाते.

१९७२ मध्ये महाराष्ट्राने कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू केली. तत्त्वतः ते योग्य पाऊल होते. व्यापाऱ्याच्या हातातून बाजार काढून तो समाजाच्या हाती देण्याचा तो प्रयत्न होता. परंतु खरेदी केंद्रांवर गाड्यांच्या रांगा लागल्या, प्रतवारीत मनमानी झाली, पैसे हप्त्याहप्त्याने आणि उशिरा मिळाले. योजनेवर मालकी कास्तकाराची राहिली नाही, ती नोकरशाहीची आणि पुढाऱ्यांची झाली. २००२ नंतर खासगी व्यापाऱ्यांना दारे उघडण्यात आली, तेव्हा तिच्या बचावासाठी गावे रस्त्यावर आली नाहीत, यात नवल ते काय? समाजवादी चळवळीनेही येथे आत्मपरीक्षण केले पाहिजे. सरकारी मालकी म्हणजे सामाजिक मालकी नव्हे. हा फरक वेळीच सांगितला गेला नाही आणि त्याची किंमत कापूस उत्पादकाने मोजली.

त्याच २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. बियाणे दरसाल विकत घेणे आले, खते-औषधांचा खर्च वाढला आणि शेती मात्र पावसावरच राहिली. ज्या गुलाबी बोंडअळीपासून संरक्षणाची हमी दिली गेली, तिनेच २०१७ मध्ये विदर्भातील पऱ्हाटी पोखरली. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग वर्धा जिल्ह्यातील वायफडला येऊन गेले आणि आत्महत्याग्रस्त सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींची योजना जाहीर झाली. २००८ च्या कर्जमाफीत संपूर्ण माफीसाठी दोन हेक्टरांची मर्यादा घातली गेली. दोन हेक्टर बागायती ऊस आणि पाच हेक्टर कोरडवाहू कापूस यांत अधिक गरीब कोण, हे दिल्लीच्या फुटपट्टीला कळले नाही.

ताजा अनुभव २०२५ चा. अमेरिकेने भारतीय मालावर जबर शुल्क लादले. त्याचा भार हलका करण्यासाठी केंद्र सरकारने १९ ऑगस्टपासून कापसावरील ११ टक्के आयातशुल्क उठवले. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि लगेच डिसेंबरअखेरपर्यंत. वेचणीचा हंगाम नेमका याच काळात येतो. लांब धाग्याच्या कापसाला ८,११० रुपये क्विंटल हमीभाव जाहीर करायचा आणि त्याच हंगामात परदेशी कापसाला दार मोकळे करायचे, या धोरणाला काय म्हणावे? वॉशिंग्टन आणि दिल्ली यांच्यातील तंट्याचा भुर्दंड देवळीच्या कास्तकाराने का सोसावा?

येथील उत्पादकताच कमी आहे, हा आक्षेप ठरलेला असतो. कोरडवाहू शेतीची तुलना सिंचित शेतीशी करून निष्कर्ष काढणे हे शास्त्र नव्हे. शिवाय अमेरिकेचा कापूस उत्पादकही केवळ उत्पादकतेवर जगत नाही, त्याच्या मागे सरकारी अनुदान असते. त्या अनुदानाविरुद्ध २००३ मध्ये बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या चार आफ्रिकी देशांनी जागतिक व्यापार संघटनेत आवाज उठवला. देवळीचे दुखणे एकट्या देवळीचे नाही. ‘विकसनशील’ म्हणवल्या जाणाऱ्या साऱ्या जगाचे ते दुखणे आहे.

तेव्हा कार्यक्रम स्पष्ट हवा. राष्ट्रीय शेतकरी आयोगाने २००६ मध्ये खर्चावर पन्नास टक्के वाढवून भाव देण्याची शिफारस केली होती. २०१८ मध्ये ती स्वीकारल्याचा गाजावाजा करताना सरकारने जमिनीचा खंड आणि भांडवलावरील व्याज हिशेबातून वगळले. तो हिशेब पुरा झाला पाहिजे. हंगामात आयातशुल्क उठवता कामा नये. पहिल्या वेचणीपासून खरेदी सुरू झाली पाहिजे. सूतगिरण्या कापूस उत्पादकांच्या आणि कामगारांच्या खऱ्या सहकारी मालकीच्या हव्यात. आणि वाढलेल्या भावाचा वाटा सालदाराला व किलोच्या दराने कापूस वेचणाऱ्या बायांना मिळालाच पाहिजे, नाहीतर ती चळवळ केवळ जमीनदारांची ठरेल.

ही मागणी विधानसभेत मांडण्याआधी बाजार समितीच्या आवारात, जिनिंगच्या फाटकाशी आणि वेचणीच्या शेतात जाऊन बोलावी लागेल. देवळीतून गाठींनी भरलेले ट्रक यंदाही जातील. त्यांच्या मागे तालुक्यात काय उरते, याचा हिशेब मागणे हे कार्यकर्त्यांचे काम आहे.