सी-व्ह्यू पाहिजे? मग आधी आषाढात या!

परवा पुण्याहून कॉलेजातल्या एका मित्राचा फोन आला. "अरे, पन्नाशीनंतर समुद्राकाठी राहायचं ठरवलंय. दापोली, गुहागर की मालवण? तू तिथलाच आहेस. समुद्र दिसेल असा दहा गुंठ्यांचा तुकडा बघ ना."

असे फोन मला नेहमी येतात. करोनात घरून काम सुरू झालं तेव्हापासून जास्तच. गेल्या वर्षी जुलैत सुवर्णदुर्ग जागतिक वारसा यादीत गेला आणि हर्णैचं नाव ज्यांनी कधी ऐकलं नव्हतं तेही आता "हर्णैला भाव काय चाललाय?" असं विचारतात. मासळीचा नव्हे, जमिनीचा.

मित्राला मी विचारलं, "तू इथे कधी आला होतास?"

"डिसेंबरमध्ये. तीन दिवस. काय सुंदर आहे रे!"

सगळं दुखणं इथेच आहे. डिसेंबरात तीन दिवस बघून माणसं पुढची तीस वर्षं ठरवतात. मुलीचं स्थळ बघताना चार ठिकाणी चौकशी करणारी माणसं गाव निवडताना फक्त फोटो बघतात. आणि आम्ही इथले लोक त्यांना खरं सांगत नाही, कारण खरं सांगितलं तर प्लॉट विकला जात नाही.

म्हणून आज खरं लिहितो. कुणाला झोंबलं तर झोंबू दे.

आधी एक साधी गोष्ट बघा. मुरूड, आंजर्ले, केळशी, गुहागर, यातल्या कुठल्याही जुन्या गावात जा. रस्ता गावाच्या मधून जातो. घराचं तोंड रस्त्याकडे. घरामागे विहीर, विहिरीमागे नारळी-पोफळीची वाडी, वाडीमागे केवड्याचं किंवा सुरूचं बन, मग वाळू आणि मग समुद्र. म्हणजे आमच्या पणज्यांनी समुद्राकडे पाठ करून घरं बांधली. त्यांना सूर्यास्त आवडत नव्हता असं नाही. सूर्यास्त बघायला ते चालत पुळणीवर जायचे आणि दिवेलागणीला घरी यायचे. समुद्राशी शेजार करायचा तर मध्ये अंतर लागतं, हे त्यांना कुठल्याही अधिसूचनेशिवाय कळत होतं.

आता आम्ही काय विकतो? तेच मधलं अंतर. वाडी तोडून, केवडा उपटून, वाळू सपाट करून "सी-टच" म्हणून विकतो. ज्या जागेत आमच्या आजोबांनी गोठासुद्धा बांधला नसता, तिथे तुम्हाला काचेच्या भिंतीचा बंगला हवा असतो.

३ जून २०२० हा दिवस इथे कुणी विसरलेलं नाही. निसर्ग वादळ श्रीवर्धन-अलिबागच्या पट्ट्यात किनाऱ्याला लागलं आणि दापोली-मंडणगडलाही त्याने सोडलं नाही. कौलं उडाली, पत्रे पतंगासारखे गेले, पिढ्यांनी लावलेल्या पोफळी काड्यांसारख्या मोडल्या. कित्येक गावांत वीज यायला आठवडे लागले. भरपाई सुरुवातीला हेक्टरी जाहीर झाली आणि आमच्या वाड्या गुंठ्यांत! पोफळ लावल्यावर पाच-सहा वर्षांनी सुपारी धरते. म्हणजे काही घरांच्या हातात त्या वादळानंतरचं पहिलं पीक आत्ता कुठे येतंय. वर्ष जात नाही तोच मे २०२१ मध्ये तौक्ते किनाऱ्याला घासून गेलं. त्याआधी नोव्हेंबर २००९ मध्ये फयान होऊन गेलं होतं. माहितीपत्रकात यातलं काही छापलेलं मी तरी पाहिलं नाही.

आता कायद्याचं बघू, कारण इथे फसवणूक सगळ्यात जास्त होते.

पहिली गोष्ट. तुम्ही शेतकरी नसाल तर महाराष्ट्रात शेतजमीन तुम्हाला सरळ विकत घेता येत नाही. कुळवहिवाट कायद्याचं कलम ६३ तेच सांगतं. "साहेब, दाखल्याचं आपण बघू" असं म्हणणारा एजंट भेटला की चहा प्या, नमस्कार करा आणि उठा.

दुसरी गोष्ट. सीआरझेड. १९९१ साली पहिली अधिसूचना आली तेव्हापासून ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरच्या आत नवीन बांधकामाला बंदीचा पट्टा आहे. २०१९ च्या अधिसूचनेत दाट वस्तीच्या गावांसाठी, म्हणजे २०११ च्या जनगणनेप्रमाणे चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त माणसं असतील तिथे, तो ५० मीटरवर आणायची सोय झाली. बाकी गावांना २०० मीटर कायम. पारंपरिक किनारी समाजाच्या राहत्या घरांसाठी सवलत वेगळी आहे, ती तुमच्या वीकेंड होमसाठी नाही. आणि हे अंतर भरतीरेषेपासून मोजतात. आमचे एजंट तुम्हाला ओहोटीच्या वेळी नेतात आणि पाण्यापासून पावलं टाकत मोजून दाखवतात, "बघा, पार अडीचशे मीटर!" सहा तासांनी तिथेच येऊन बघा, किती उरलेत ते.

तिसरी गोष्ट सात-बारा. एका सात-बारावर वीस-पंचवीस नावं हे कोकणात नवल नाही. त्यातली निम्मी माणसं मुंबईत, काही वारलेली, वारस नोंद झालेली नाही. सही करणारा एक चुलत भाऊ मिळतो, बाकीचे नंतर कोर्टात मिळतात.

आता रोजच्या जगण्याकडे या.

इथे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तरी एप्रिल-मेमध्ये सड्यावरच्या वाड्यांना टँकर लागतो. बाहेरच्या माणसाला हे पटत नाही. जांभा दगड पाणी धरून ठेवत नाही, पडलेला पाऊस बघता बघता खाली उतरून समुद्राला मिळतो. किनाऱ्याच्या विहिरींत गोडं पाणी असतं, पण ते खाऱ्या पाण्यावर तरंगणाऱ्या पातळ थरासारखं. रहाटाने काढलं तर पिढ्यान्‌पिढ्या पुरतं. पाच घोड्यांचा पंप लावून स्विमिंग पूल भरला की खालचं खारं पाणी वर येतं. मग नुसता तुमचा पूल नाही, शेजारच्या चार घरांच्या विहिरीही मचूळ होतात. पूलवाला सोमवारी पुण्याला जातो. मचूळ पाणी प्यायला शेजारी इथेच असतो.

दवाखान्याचं सांगतो. ताप-खोकल्याला दापोलीत चांगले डॉक्टर आहेत. पण हृदयाचा मोठा झटका आला तर खेड, चिपळूण, डेरवण, नाहीतर सरळ मुंबई. मध्ये वळणांचा रस्ता आणि पुढे २०११ पासून रुंद होत असलेला मुंबई-गोवा महामार्ग! साठीनंतर राहायला येणाऱ्याने सूर्यास्ताआधी हे अंतर मोजावं.

खाऱ्या हवेत गेट दोन वर्षांत गंजतं, एसीची जाळी झडते. पावसाळ्यात कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते. वीज गेली की लाइनमनला फोन लावायचा, तर त्याच्याही फोनला रेंज नसते. हे आम्ही सोसतो कारण हे आमचं घर आहे. तुम्ही हे सोसाल का, एवढाच प्रश्न आहे. उत्तर "हो" असेल तर या. मनापासून या.

कारण मी बाहेरच्यांच्या विरोधात नाही. माझ्या ओळखीचं एक निवृत्त शिक्षक जोडपं आठ वर्षांपूर्वी इथे राहायला आलं. समुद्रापासून दोन किलोमीटर आत, वाडीतलं जुनं कौलारू घर डागडुजी करून घेतलं. बाई शाळेत मुलांना इंग्रजी शिकवतात, सर ग्रामसभेला जातात, नळपाण्याच्या वर्गणीची वही तेच लिहितात. शिमग्याला पालखी त्यांच्या अंगणात थांबते. त्यांना आता गावात पाहुणे कुणी म्हणत नाही. उलट आमचेच काही गाववाले मुंबईत बसून बापजाद्याची वाडी विकतात आणि गणपतीला येऊन "गाव बदललं रे" म्हणून उसासे टाकतात. त्यामुळे वाद बाहेरचा आणि आतला असा नाहीच. काहींना गाव हवंय आणि काहींना फक्त देखावा, वाद त्या दोघांमधला आहे.

देखावा विकत घेणाऱ्यांनी काय होतं ते सांगतो. तालुक्यातल्या एका किनारी वाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण भांडण अजून मिटलेलं नाही. तिथे दोन गडग्यांमधून समुद्रावर जाणारी एक पाखाडी होती. होड्यांची इंजिनं, जाळी, मासळीच्या पाट्या, सगळं तिथून जायचं. मयतही तिथूनच न्यायचे. दोन्ही बाजूंचे प्लॉट एकाच माणसाने घेतले आणि पाखाडीला गेट लावलं. कागदावर ती वाट कुणी कधी नोंदवलीच नव्हती, कारण वाट नोंदवायची असते हेच कुणाला माहीत नव्हतं. आता मासळी विकणाऱ्या बायका डोक्यावर पाटी घेऊन लांबच्या रस्त्याने वळसा घालून येतात. त्यातली एक मावशी मला म्हणाली, "पेपरवाले भाऊ, दर्या आमच्या दारात हाय, पन दाराला कुलूप तेचं हाय."

या वाक्यावर मी गप्प बसलो. कारण त्या प्लॉटची पहिली जाहिरात मीच आणली होती.

होय. तालुक्याच्या वार्ताहराला मानधन किती मिळतं ते इथल्या सगळ्यांना ठाऊक आहे. घर चालतं ते जाहिरातीच्या कमिशनवर. दिवाळीच्या पुरवणीत "निसर्गाच्या कुशीत स्वतःचं घर" असं पानभर छापून आलं, त्यातले काही शब्दसुद्धा माझेच. त्या पैशातून मुलाची फी भरली. म्हणून ही पोस्ट लिहिताना मी कुणी मोठा नीतिमान असल्याचा आव आणत नाही. सरपंच, एजंट, सात-बारावाले आणि पेपरवाले, आम्ही सगळ्यांनी मिळून हे केलंय.

"मग विकास नको का? रोजगार कुठून येणार?" हा प्रश्न येणारच. त्याचं उत्तर आमच्याच गावांत आहे. न्याहारी-निवासवाल्या घरात पाहुणा उतरला की मोदक करणाऱ्या ताईला पैसे मिळतात, मासेवालीला मिळतात, रिक्षावाल्याला मिळतात. वेळास, आंजर्ल्याला कासवांची पिल्लं बघायला माणसं येतात, ती गावातल्या घरांतच राहतात आणि जेवतात. हा रोजगार आहे. वर्षातले साडेतीनशे दिवस कुलूप असलेल्या बंगल्याने एक माळी आणि एक वॉचमन पोसला जातो, बस. त्याचे रात्रभर जळणारे दिवे मात्र कासवाच्या पिल्लांची दिशा चुकवतात, कारण अंड्यातून बाहेर आलेलं पिल्लू उजेडाकडे चालतं. कुलूपवाल्या घरातून शाळेत मूल जात नाही. पटसंख्या घसरली की शाळा बंद व्हायला आली म्हणून बोंब मारायची, आणि वर म्हणायचं, गावाचा विकास होतोय!

हा रस्ता कुठे जातो हे बघायला लांब जायला नको. मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो सुरू झाली. आता आवास-किहीमच्या बाजूला एक चक्कर मारा आणि समुद्र किती ठिकाणी भिंतीमागे गेलाय ते मोजा. खाली गोव्यात जमिनीचा झोन बदलायची वाट मोकळी करणाऱ्या ३९-अ कलमाविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले. ते जागे झाले, पण बरंच गेल्यावर. आपल्याकडे अजून बरंच शिल्लक आहे.

म्हणून तीन गोष्टी. गाववाल्यांनो, या तुमच्यासाठी.

एक, येत्या ग्रामसभेत समुद्राकडे जाणारी प्रत्येक पाखाडी, होड्या ओढायची प्रत्येक जागा, मासळी सुकवायचं प्रत्येक खळं यांची यादी करून ठराव घ्या. किनारा व्यवस्थापनाच्या नकाशात आपल्या गावाची ही वहिवाट दिसते का ते बघा. दिसत नसेल तर लेखी हरकत द्या. तोंडी वहिवाट गेटपुढे टिकत नाही.

दोन, किनाऱ्याजवळ नवीन बोअर आणि मोठ्या पंपाचा विषय ग्रामसभेत आल्याशिवाय पुढे जाऊ देऊ नका. पाणी शेजाऱ्याचंही आहे.

तीन, वाडी विकायची वेळ आलीच तर आधी गावात विचारा. आणि विकताना वाट सोडा, कागदावर सोडा.

इथे राहायला येऊ म्हणणाऱ्यांनो, तुमच्यासाठी एकच. प्लॉट बघायच्या आधी आषाढात या. मासेमारी १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत बंद असते, समुद्र मातकट असतो, रात्रभर गाज झोपू देत नाही, वीज गेलेली असते. तेव्हा आठ दिवस भाड्याने राहा. मग मे महिन्यात आठ दिवस राहा आणि सकाळी पाणी भरायच्या रांगेत उभे राहा. त्यानंतरही हे गाव आवडलं, तर किनाऱ्यापासून थोडं आत, वाडीच्या मागे घर घ्या. संध्याकाळी आमच्यासारखे चालत समुद्रावर या. वाट उघडी असेल तर दहा मिनिटं लागतात.

मित्राला हे सगळं फोनवर सांगितलं. तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे येऊ नको म्हणतोस?"

मी म्हटलं, "ये ना. पण राहायला ये. नुसता बघायला येणार असशील तर माझ्या घरी ये, जमीन कशाला घेतोस?"

अजून त्याचं उत्तर आलेलं नाही. एजंटांचे मात्र दोन फोन येऊन गेले, दिवाळीच्या पुरवणीची जाहिरात कधी घ्यायला येताय म्हणून.

या वर्षी मी गेलेलो नाही.