चिवटपणाचं कौतुक कुणाच्या सोयीचं?

फेब्रुवारी १९५५ मध्ये कोलंबियाच्या नौदलाची ‘काल्दास’ ही विनाशिका अमेरिकेतल्या मोबील बंदरातून कार्ताहेनाला परतत होती. बंदर दोन तासांवर राहिलं असताना डेकवरचे आठ खलाशी समुद्रात फेकले गेले. त्यांतला लुईस अलेहांद्रो वेलास्को हा २० वर्षांचा पोरगा तेवढा वाचला. तराफ्यावर १० दिवस, पोटात अन्न नाही, प्यायला पाणी नाही, डोक्यावर रणरणतं ऊन आणि पाच वाजले की हजेरी लावणारे शार्क. तो किनाऱ्याला लागला आणि देशाला एक वीर मिळाला. लष्करशहा रोहास पिनिया यांच्या राजवटीने त्याला पदक दिलं, रेडिओवरून त्याची भाषणं झाली. समुद्रातही घड्याळ बंद पडलं नाही म्हणून घड्याळ कंपनीने पैसे दिले. भुकेपोटी बूट खायला काढले तर ते फाटता फाटेनात, म्हणून बूट कंपनीनेही दिले!

एवढं सगळं छापून झाल्यावर तो ‘एल एस्पेक्तादोर’ या दैनिकाच्या दारात आला. शिळी बातमी म्हणून संपादकांनी आधी त्याला वाटेला लावलं, मग मन बदललं आणि एका तरुण बातमीदाराला त्याच्यासमोर बसवलं. बातमीदाराचं नाव गाब्रिएल गार्सिया मार्केस. रोज सहा-सहा तास, अशा २० बैठका झाल्या. मार्केस खोदून खोदून विचारत होते. वादळाचं वर्णन कर म्हटल्यावर वेलास्कोने सांगून टाकलं की वादळ नव्हतंच. डेकवर फ्रीज, टीव्ही, वॉशिंग मशीन असा चोरटा माल रचलेला होता. जहाज कललं, माल सुटला आणि माणसं घेऊन पाण्यात गेला. ओझं इतकं होतं की बुडणाऱ्यांसाठी जहाज वळवताही आलं नाही.

१४ भागांची मालिका छापून आली. सरकारने इन्कार केला, तेव्हा दैनिकाने खलाशांनीच प्रवासात काढलेले फोटो मिळवले. मित्रांच्या घोळक्यामागे खोकी दिसत होती, खोक्यांवर कारखान्यांची नावंही. पुढे वेलास्कोला नौदल सोडावं लागलं, काही महिन्यांनी दैनिकाला टाळं लागलं आणि युरोपात गेलेला बातमीदार तिकडेच राहिला.

तोच तराफा, तेच शार्क, तेच १० दिवस सरकारने स्वतः रेडिओवरून ऐकवले होते. तोवर कुणाचंच काही बिघडलं नव्हतं. गोष्टीत फ्रीज आला तेव्हा बिघडलं.

माणसाच्या चिवटपणाच्या कथा आज जगभरची वर्तमानपत्रं आवडीने छापतात. पूर, युद्ध, दुष्काळ, मग एक चेहरा आणि शेवटी हसरा फोटो. यातल्या बऱ्याच कथा रेडिओवरच्या वेलास्कोच्या जातीच्या असतात. माणूस कसा तगला हे त्यांत सविस्तर येतं. त्याला पाण्यात कुणी ढकललं, हा परिच्छेद मात्र गळतो. तो गळाला की उरलेलं कौतुक जबाबदार माणसांच्या पथ्यावर पडतं.

मुंबईला हे नवं नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. लोकांनी अनोळखी माणसांना घरात घेतलं, रस्त्यावर उभं राहून बिस्किटं आणि पाणी वाटलं. हे खरं आहे आणि ते लिहिलंच पाहिजे. पुढच्या वर्षी ११ जुलैला लोकलमध्ये सात स्फोट झाले, दुसऱ्या सकाळी डबे पुन्हा भरले, आणि ‘मुंबई स्पिरिट’ हे शब्द मथळ्यांत कायमचे मुक्कामाला आले. त्या सकाळी गाडीत चढलेल्यांपैकी किती जण धैर्यापोटी चढले आणि किती जण खाडा झाला तर पगार कापला जाईल म्हणून? स्पिरिटवर अग्रलेख लिहिणं सोपं. पर्जन्यवाहिन्यांच्या सुधारणेचा ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवाल १९९३ पासून महापालिकेच्या हाती असताना २००५ च्या पावसात मिठी नदी का तुंबली, हे लिहायला कागदपत्रं वाचावी लागतात.

किल्लारीच्या भूकंपातही असंच दिसलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाची रात्र सरताना, गावंच्या गावं झोपेत गाडली गेली. ढिगाऱ्याखालून पाचव्या दिवशी जिवंत निघालेल्या दीड वर्षाच्या मुलीची बातमी लोकांच्या लक्षात राहिली, राहणारच. पण माणसं मारली ती दगड-मातीच्या जाड भिंतींनी आणि लाकडी तुळयांवरच्या मातीच्या माळवदांनी. अशा घरांत झोपणारी गावं आजही आहेत. त्यांच्यासाठी बातमीतला हाच भाग अधिक कामाचा.

यावर एक आक्षेप येतो, तो रास्त आहे. कारणांच्या मागे लागलं की माणूस हरवतो, नुसता ‘पीडित’ उरतो. जॉन हर्सींनी यातून वाट काढली. ३१ ऑगस्ट १९४६ चा ‘न्यूयॉर्कर’चा अख्खा अंक त्यांच्या हिरोशिमावरच्या वृत्तांताला दिलेला होता. त्यात सहा माणसं होती. हात्सुयो नाकामुरा ही त्यांतली एक, शिंप्याची विधवा, पदरी तीन मुलं. घर कोसळल्यावर तिने पोटापाण्याचं साधन असलेलं शिलाई मशीन पाण्याच्या हौदात टाकलं. पुढे ते गंजलेलं मिळालं. या एका तपशिलात तिचं शहाणपणही येतं आणि तिची परिस्थितीही. ‘धीरोदात्त’ वगैरे विशेषणांची गरजच पडत नाही. हर्सींनी १९८५ मध्ये याच माणसांवर पुन्हा लिहिलं. बाँबग्रस्तांच्या उपचारांचा कायदा जपानमध्ये १९५७ साली आला. तोवरच्या १२ वर्षांत नाकामुरा बाईंनी आजारपणात कसकशी कामं केली, हे त्या दुसऱ्या लेखात कळतं. चिवटपणाची किंमत मोजायची तर इतका धीर बातमीदाराकडे आणि मालकाकडे लागतो. मराठीत अनिल अवचटांनी हमालांवर, निपाणीच्या तंबाखू कामगार बायकांवर लिहिताना त्यांच्या कष्टांबरोबर मजुरीचा हिशेबही मांडला. ती परंपरा आपलीच आहे, उसनी आणायची नाही.

तेव्हा येत्या पावसाळ्यात छातीभर पाण्यातून वाट काढणाऱ्या हसऱ्या मुंबईकराचा फोटो पहिल्या पानावर आला, तर तो जरूर पाहावा. मग खालच्या मजकुरात त्या भागातल्या नाल्याचं, कंत्राटाचं आणि जबाबदार खात्याचं नाव आहे का तेही पाहावं. नसेल, तर संपादकांना पत्र लिहून विचारावं.