आधी ताट, मग डबा

जिमला जाणाऱ्या बायका आता नवलाच्या राहिलेल्या नाहीत. तालुक्याच्या गावातसुद्धा दुपारची ‘लेडीज बॅच’ असते. घरचं सगळं आटोपून, पंजाबी ड्रेसवर बूट चढवून तासभर घाम गाळायला जाणाऱ्या चाळिशीतल्या मैत्रिणी पाहिल्या की मला मनापासून बरं वाटतं. माझं भांडण व्यायामाशी नाही. ते आहे जिमच्या काउंटरवर मांडून ठेवलेल्या डब्यांशी!

आमच्या बचत गटात मागे एका तरुण सुनेनं तीन हजारांचं अंतर्गत कर्ज घेतलं. कारण सांगितलं ‘घरखर्च’. नंतर कळलं, ते पैसे ‘फॅट बर्नर’च्या गोळ्यांना गेले होते. सकाळी गोळी, दुपारी एक पोळी, रात्री नुसती काकडी आणि वर तासभर व्यायाम. महिन्यात चार किलो उतरले, सगळ्यांनी कौतुकही केलं. मग छातीत धडधड, झोप नाही, केसांचे पुंजके हातात यायला लागले आणि एक दिवस जिन्यातच चक्कर आली. हिमोग्लोबिन निघालं ८. डॉक्टरांनी गोळ्या बंद केल्या, कर्जाचे हप्ते मात्र पुढे सहा महिने चालू होते.

तिला बोल लावण्यात अर्थ नाही. जो सल्ला देतो तोच डबा विकतो, तिथे दुसरं काय होणार?

या गोळ्यांत असतं तरी काय? बहुतेकांत मुख्य माल कॅफिनचा, म्हणजे कॉफीतल्याच उत्तेजकाचा. जोडीला ग्रीन टीचा अर्क, जो जास्त प्रमाणात गेला तर यकृताला बाधू शकतो. त्यानं थोडी तरतरी येते, भूक मरते. चरबी मात्र नावापुरतीच हलते. चरबी ‘जाळणाऱ्या’ औषधांचा इतिहासही काही चांगला नाही. १९३० च्या दशकात अमेरिकेत डायनायट्रोफिनॉल नावाचं रसायन यासाठी दिलं जायचं. कुणाला मोतीबिंदू झाला, कुणी जिवानिशी गेलं. १९३८ मध्ये ते बंद झालं. मग एफेड्रा आलं, त्यावर तिथे २००४ मध्ये बंदी आली. सिब्युट्रामिन तर आपल्याकडेही मिळायचं. हृदयविकाराच्या आणि पक्षाघाताच्या धोक्यामुळे २०११ मध्ये भारतात त्यावर बंदी आली. दर वेळी नाव नवं, आश्वासन तेच.

प्रोटीन पावडरची गोष्ट थोडी वेगळी. ‘व्हे’ म्हणजे दूध फाटल्यावर उरणारं पाणी. पनीर केल्यावर आपण त्यात कणीक भिजवतो, तेच. ते गाळून, सुकवून डब्यात भरतात. म्हणजे ते विषही नाही आणि जादूही नाही, दुधातलाच एक भाग आहे. पण किलोला दोन-तीन हजार मोजताना डब्यात खरंच काय आहे हे कळायला हवं ना? २०२४ मध्ये आपल्या देशात विकल्या जाणाऱ्या ३६ पावडरी तपासल्या गेल्या, तेव्हा सुमारे ७० टक्के डब्यांवरचा प्रथिनांचा आकडा खरा नव्हता. त्याच वर्षी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं आहाराची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांतही अशा पावडरी टाळा, असंच सांगितलं आहे.

मग वजन उतरवायचं कसं? खर्चापेक्षा थोडं कमी खायचं, हे खरंच आहे. पण उपाशी राहिलं आणि प्रथिनं कमी पडली, तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात. वजनकाट्याला त्यातला फरक कळत नाही! स्नायू गेले की अंगातली ताकद जाते, आणि खाणं पूर्वीसारखं सुरू झालं की वजन परत येतं, तेही चरबीच्या रूपात. म्हणून आठवड्याला अर्धा किलो पुरे. काट्याबरोबर शिवणाची टेपही वापरा. आपल्या बायकांची कंबर ८० सेंटिमीटरच्या आत असावी असं डॉक्टर सांगतात.

प्रथिनांचा हिशेब किराण्याच्या यादीइतकाच सोपा आहे. वजनाच्या दर किलोला रोज ०.८३ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या बाईला ५० ग्रॅम. वजनं उचलणारीला ७० पर्यंत लागतील. आता ताट पाहा. सकाळी दोन अंडी किंवा मुगाची दोन-तीन धिरडी, १२ ग्रॅम. दुपारी दोन पोळ्या, वाटीभर मटकीची घट्ट उसळ आणि दही, १८ च्या आसपास. चहाच्या वेळी बिस्किटांऐवजी मूठभर फुटाणे आणि कपभर दूध, १२. रात्री भाकरी, दाट आमटी आणि ५० ग्रॅम पनीर किंवा मासळीची तुकडी, २०. झाले की साठ! सोयाबीनच्या वड्या तर १०० ग्रॅमला ५० ग्रॅम प्रथिनं देतात, त्याही कितीतरी स्वस्तात. उलट उपासाच्या साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नाहीतच, आणि त्यातल्या कुटानं-तुपानं कॅलरी मात्र भरपूर.

एवढं करूनही कमी पडलं, तर अर्धा चमचा पावडर खुशाल घ्या. पण लेबल पाहून, अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ आकडी परवाना तपासून. किडनीचा त्रास, मधुमेह, रक्तदाब असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

आणि जिमची फी भरण्याआधी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता, आणि २४ टक्के स्त्रियांचं वजन जास्त होतं. म्हणजे बाई जाड दिसते म्हणून तिचं पोषण झालंय असं मुळीच नाही. रक्तच कमी असेल तर ट्रेडमिलवर दम लागणारच. त्यावर फॅट बर्नर देणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! लोह डॉक्टरांच्या सल्ल्यानं घ्यावं, जेवणात लिंबू पिळावं आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नये.

पण मैत्रिणींनो, खरी अडचण माहितीची नाहीच. वर लिहिलेलं ताट प्रत्येकीच्या घरात शिजतं. फक्त ते तिच्या वाट्याला येत नाही. उसळ मुलांच्या डब्यात, अंडी मुलाला, पनीर पाहुण्यांना आणि शेवटी बसणारीला पातेल्याच्या तळाची पातळ आमटी अन् शिळी पोळी. अन्न टाकवत नाही म्हणून तीच चार घास जास्त खाते, तेही भाताचे. वजन वाढतं ते या उरल्यासुरल्यानं, आणि ते उतरवायला आपण डबा विकत घेतो! स्वतःच्या वाटीत दाट डाळ वाढून घ्यायला संकोच वाटतो, तीन हजारांची पावडर मात्र चोरून आणतो.

घरातल्या पुरुषांनाही सांगणं आहे. बायकोनं बारीक व्हावं असं वाटत असेल, तर टोमणे नकोत आणि डबाही नको. तिच्या नावाची दोन अंडी आणा, आणि रात्री तिला सगळ्यांबरोबर पानावर बसवा. ट्रेनरमंडळींनीही एक करावं. डबा दाखवण्याआधी समोरच्या बाईला एवढंच विचारावं, ‘ताई, काल तुम्ही काय काय जेवलात?’