नवागतांच्या प्रश्नावलीचे करायचे काय?

बारावीचा निकाल लागला की पेणच्या भाऊसाहेब नेने महाविद्यालयात आणि रोह्याच्या डॉ. सी. डी. देशमुख महाविद्यालयात पहिल्या वर्षाचे वर्ग भरू लागतात. प्रवेश अर्जात गुण, उत्पन्न, पत्ता अशी माहिती असतेच. तिला आणखी दहा-वीस प्रश्नांची जोड दिली, तर कोण पदवीपर्यंत पोचेल आणि कोण मध्येच गळेल, हे आधी कळेल का?

हा विचार जुना आहे. अमेरिकेत अलेक्झांडर अॅस्टिन यांनी १९६६ मध्ये नवागत विद्यार्थ्यांचे देशव्यापी सर्वेक्षण सुरू केले. विद्यार्थी काय घेऊन आला हे माहीत नसेल, तर महाविद्यालयाने त्याला काय दिले हे सांगता येत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. म्हणजे मोजमाप मुळात महाविद्यालयाचे करायचे होते. विद्यार्थ्यांचे भविष्य वर्तवण्याचा सोस नंतर वाढला.

त्याची रीत साधी आहे. आधीच्या तुकड्यांची उत्तरे त्यांच्या निकालांशी ताडून पाहतात, कोणत्या उत्तरांबरोबर अपयश अधिक आढळते ते शोधतात आणि त्यावरून नव्या विद्यार्थ्याची संभाव्यता काढतात. सर्वांत भरवशाचा धागा बहुधा आधीच्या परीक्षेतील गुणांचाच निघतो. प्रश्नावली त्यात थोडी भर घालते, पण ती प्रश्न इथल्या जगण्यातून आले असतील तरच. श्रावणात पेण-हमरापूरच्या गणपती कारखान्यांत रात्रपाळी चालते, तेव्हा पहिले सत्र ऐन रंगात असते. तिथे कामाला जाणाऱ्या मुलाला त्याचे तास विचारायला हवेत. रोह्यात धाटावच्या औद्योगिक वसाहतीतील पाळ्या, एसटीच्या आणि दिव्याच्या गाडीच्या वेळा यांची चौकशी हवी. दिवाळीनंतर घरचे वीटभट्टीवर गेले की वाडीवरच्या मुलीवर घर आणि धाकटी भावंडे पडतात का, हेही विचारावे. परदेशी नमुना उचलला तर यातले एकही उत्तर हाती लागणार नाही.

मर्यादाही आहेत. गळतीचा धोका ज्यांना अधिक, तेच पहिल्या आठवड्यात गैरहजर असतात, म्हणून त्यांची उत्तरेच येत नाहीत. जे हजर असतात ते सरांना आवडेल असे लिहितात. शिवाय काही शे विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयात काढलेले सूत्र डळमळीतच राहते. मोठ्या आकड्यांनीही खात्री मिळत नाही. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात शाळकरी मुलांच्या गळतीचा इशारा देणारी संगणकीय यंत्रणा आहे. 'हा वेळेत उत्तीर्ण होणार नाही' हे तिचे भाकीत जवळजवळ तीन-चतुर्थांश वेळा चुकल्याचे २०२३ मध्ये उघड झाले. कृष्णवर्णीय व हिस्पॅनिक मुलांच्या बाबतीत चुका अधिक होत्या.

संभाव्यता गटाविषयी बोलते, एकट्या मुलाविषयी नाही. तिचा अंक हजेरीपटावर नावापुढे चढला, की शिक्षकाची अपेक्षा घसरते आणि भाकीत स्वतःला खरे करून दाखवू लागते. गरीब घरच्या मुलांना याचा फटका आधी बसेल, हे सांगायला संगणक नको.

म्हणून सर्वेक्षण घ्यावे, पण त्याचा जाब महाविद्यालयाला विचारावा. गाडी उशिरा पोचत असेल तर पहिला तास पुढे सरकवावा. कारखान्यांच्या हंगामात अंतर्गत चाचणी ठेवू नये. मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी इंग्रजीचे जादा तास पहिल्याच महिन्यात सुरू करावेत. यांतल्या कशासाठीही कुणाच्या नावापुढे अंक मांडावा लागत नाही.