जमिनीचा तुकडा की जगण्याचे साधन?



आपल्या कुटुंबाच्या नावे चार एकर जमीन झाली तर आपले दैन्य संपेल काय? हा प्रश्न घरातील सर्वांनी एकत्र बसून विचारात घ्यावा, अशी माझी विनंती आहे. प्रश्न काल्पनिक नाही. महाराष्ट्र शासनाने २००४ साली कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नावाने सबळीकरण व स्वाभिमान योजना सुरू केली. दारिद्र्यरेषेखालील भूमिहीन अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन द्यावी, अशी तिच्यात तरतूद आहे. ('नवबौद्ध' हा शब्द सरकारी कागदांचा, आपण बौद्ध आहोत.) योजनेचे नाव थोर आहे, हेतूही चांगला आहे. तथापि अशा योजनेचे यश सरकार एकरांत मोजते, आणि आपणही तसेच मोजू लागलो आहो. माझे मत असे की हे माप चुकीचे आहे. गावातील बड्या जमीनदाराने उद्या पहाटे मजुरीला बोलावले असता "आज येत नाही" असे म्हणण्याचे बळ त्या कुटुंबाच्या अंगी आले की नाही, हे खरे माप होय.

हे मी का म्हणतो, ते आपल्याच इतिहासावरून पाहा. आपल्या पूर्वजांपैकी पुष्कळांकडे जमीन होती. तिला वतन म्हणत. त्या वतनाच्या मोबदल्यात सरकारचे आणि साऱ्या गावाचे काम करावयाचे, रात्री-अपरात्री हाक आली की काठी घेऊन धावावयाचे, घरचा कर्ता पुरुष आजारी असेल तर मुलाने, मुलगा नसेल तर बायकोने ते काम पार पाडावयाचे! वेतन म्हणावे तर जमिनीचा उतारा इतका तुटपुंजा की त्यावर पोट भरू नये. उरलेले पोट बलुत्यावर, म्हणजे गावाच्या मर्जीवर. म्हणजे जमीन होती आणि गुलामीही होती. किंबहुना त्या जमिनीच्या लोभानेच गुलामी सुटत नव्हती. परमपूज्य बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतन कायद्यात दुरुस्ती सुचविणारे बिल आणले, ते एवढ्याचसाठी. वतनी कामाला रोख वेतन मिळावे आणि ज्याला त्या कामातून सुटावयाचे असेल त्याला जमीन राखून सुटता यावे, असा त्यांचा आग्रह होता. ते बिल त्या वेळी पार पडले नाही. कनिष्ठ गाव वतने नाहीशी करणारा कायदा १९५८ साली झाला. पण त्यातही गंमत पाहा. जी जमीन पिढ्यान्‌पिढ्या राबून आपण राखली, ती पुन्हा आपल्या नावे होण्यासाठी शेतसाऱ्याच्या पटीत कब्जेहक्काची रक्कम भरावयाची होती, आणि ती भरूनही परवानगीवाचून जमीन हस्तांतरित करावयाची नाही अशी शर्त होती. ज्याच्या घरात दोन वेळची भाकरी नव्हती, त्याने ही रक्कम कोठून आणावयाची, याचा विचार कायदा करणाऱ्यांनी फारसा केलेला दिसत नाही.

तेव्हा नुसती जमीन माणसाला मुक्त करीत नाही, हा धडा आपण पुस्तकातून नव्हे, पाठीवरच्या वळांवरून शिकलो आहो.

बाबासाहेबांनी हीच गोष्ट १९१८ साली अर्थशास्त्राच्या भाषेत मांडली होती. हिंदुस्थानातील लहान धारणक्षेत्रांवर त्यांनी तेव्हा एक निबंध लिहिला. त्या काळचे पंडित म्हणत की शेताचे तुकडे फार लहान आहेत, ते जोडून मोठे करा म्हणजे शेती सुधारेल. बाबासाहेबांनी विचारले: लहान म्हणजे कशाच्या मानाने लहान? शेत लहान की मोठे हे एकरांवरून ठरत नाही. त्यावर राबणारे हात, बैल, अवजारे आणि भांडवल यांच्याशी त्याचे प्रमाण काय, यावरून ठरते. ज्याच्याजवळ बैलजोडी नाही त्याला पाच एकरही मोठेच, आणि ज्याच्याजवळ बारमाही पाणी आहे त्याला एक एकरही पुरू शकते. खरा रोग त्यांनी वेगळाच दाखविला. शेतीवर जरुरीपेक्षा अधिक हात लटकून राहिले आहेत, ते रिकामे हात उत्पन्न खातात पण वाढवीत नाहीत. यास्तव देशात उद्योगधंदे वाढविले पाहिजेत, असा त्यांचा निष्कर्ष होता. सत्तावीस वर्षांच्या त्या तरुणाने हे शंभराहून अधिक वर्षांपूर्वी लिहिले!

पुढे १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते त्यांच्याकडे होते, तेव्हा पाटबंधारे आणि वीज हे विषय त्यांनी किती हिरिरीने हाताळले हे सर्वश्रुत आहे. दामोदर नदीच्या योजनेची पायाभरणी त्याच काळातली. आणि १९४७ साली 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या निवेदनात त्यांनी शेती हा राज्याचा उद्योग करावा असे सांगितले. जमीन जातपात न पाहता गावकऱ्यांना कुळाने द्यावी, त्यांनी ती सामुदायिक रीतीने कसावी, आणि पाणी, बैल, अवजारे, खत, बियाणे यांचा पुरवठा राज्याने करावा, अशी त्यांची योजना होती. ही पाच नावे नीट लक्षात ठेवा. जमिनीइतकेच महत्त्व त्यांनी या पाचांना दिले होते.

आता या मापाने आजची योजना मोजू. सरकार जमीन खाजगी मालकाकडून विकत घेते, म्हणजे ज्याला विकावयाची असेल त्याच्याकडून आणि सरकारने ठरविलेल्या दराच्या मर्यादेत. २०१८ साली ही मर्यादा जिरायतीस एकरी पाच लाख आणि बागायतीस आठ लाख रुपये करण्यात आली. त्यापूर्वी निम्मी रक्कम अनुदान आणि निम्मी बिनव्याजी कर्ज असे. त्या साली शंभर टक्के अनुदान झाले, ही सुधारणा मान्य केली पाहिजे. परंतु आपणच विचार करा: गावाजवळची, काळी, पाण्याची जमीन या दराने सरकारच्या हाती कोण देईल? विकावयास येते ती बहुधा माळाची, मुरमाड, गावापासून दूरची. देणाऱ्याची इच्छा हाच जेथे योजनेचा पाया आहे, तेथे घेणाऱ्याच्या गरजेला काय किंमत उरणार? जमिनीच्या फेरवाटपाचे काम राज्याने बाजारावर सोपविले आहे, हाच माझा मुख्य आक्षेप आहे. कमाल जमीन धारणेचा कायदा १९६१ सालीच झाला होता. तो कठोरपणे राबविण्याचे धैर्य दाखविले असते तर विकणाऱ्याच्या दारात उभे राहण्याची पाळी आली नसती.

बरे, जमीन मिळाली. पुढे? जमीन देते समाजकल्याण खाते. विहिरीसाठी 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजना' आहे, ती चालविते कृषी खाते. वीज जोडते वीज कंपनी, पीककर्ज देते बँक. चार दारे, चार अर्ज आणि चार वेळा मजुरी बुडवून तालुक्याची वारी. ज्या बाईने आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतात निंदणी केली, तिला या चारही दारांतून पार होण्यास किती वर्षे लागतील? तोवर शेत पडीक राहते. मग कोणी म्हणतो, "यांना जमीन देऊन उपयोग नाही, यांना कसता येत नाही." हा आरोप तुम्ही ऐकला असेल. त्याचे उत्तर कसणाऱ्याच्या आळसात शोधू नका. ते या चार दारांत आहे.

देशाचे चित्रही पाहून ठेवा. २०११ च्या जनगणनेत अनुसूचित जातींचे प्रमाण १६.६ टक्के होते. २०१५-१६ च्या कृषिगणनेत त्यांच्याकडील वहितीक्षेत्र एकंदर क्षेत्राच्या सुमारे ८.६ टक्के भरले. सर्वसाधारण शेतकऱ्याचे सरासरी क्षेत्र १.०८ हेक्टर, तर त्यांचे ०.७८. ज्यांच्याजवळ मुळीच जमीन नाही ते या सरासरीत येतच नाहीत.

यावर आपल्यातील काही सुशिक्षित बंधू म्हणतील की, मग जमिनीच्या मागे लागूच नये. मुलांना शिकवावे आणि गाव सोडावे. शिक्षणाविषयी माझा वाद नाही. परंतु जे गावात राहिले आहेत त्यांचे काय? १९५६ नंतर मेलेली जनावरे ओढण्याचे, येसकरीचे काम आपण गावोगाव टाकून दिले. त्याबरोबर बलुते गेले, कित्येक ठिकाणी बहिष्कार पडला, मजुरी बंद झाली. ज्या घराला स्वतःचे थोडे शेत होते ते घर त्या बहिष्कारात तगले. ज्याला नव्हते त्याने उपवास काढले किंवा मुंबईची वाट धरली. धर्मांतराला अर्थकारणाचा आधार लागतो, हे तेव्हाच दिसून आले. म्हणूनच दादासाहेब गायकवाडांनी १९५९ साली आणि पुन्हा ६ डिसेंबर १९६४ पासून भूमिहीनांचा सत्याग्रह उभारला. तेव्हाही काही शहाण्यांनी नाके मुरडली होती. त्या सत्याग्रहाच्या मागण्यांत पडीक जमिनीबरोबर किमान वेतन कायद्याची अंमलबजावणी आणि बौद्धांना सवलती या मागण्या होत्या, म्हणजे नेत्यांची दृष्टी केवळ एकरांवर नव्हती. यांपैकी बौद्धांच्या केंद्रीय सवलतींना १९९० साल उजाडावे लागले.

भगवान बुद्धांनी कूटदंत सुत्तात सांगितलेली, राजाला मिळालेल्या सल्ल्याची कथा तुम्ही विहारात ऐकली असेल. राज्यात चोऱ्या माजल्या असता दंड वाढवू नकोस. शेती करणाऱ्याला बी आणि चारा दे, व्यापाऱ्याला भांडवल दे, चाकरी करणाऱ्याला वेतन दे. दानाची ही कल्पना भिक्षेहून अगदी निराळी आहे. ज्याच्या हाताला जे साधन नाही ते साधन त्याला द्या, असा तिचा रोख आहे.

गायरानाचा प्रश्न येथेच येतो. मराठवाड्यात आणि इतरत्र आपल्या कित्येक कुटुंबांनी दगडधोंडे उचलून गायराने वहितीस आणली. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी वहिवाट नियमित करण्याचा निर्णय शासनाने १९९१ साली केला. पुढे २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग खटल्यात गावच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याचा आदेश दिला. परंतु भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींना शासनाच्या अधिसूचनेने दिलेल्या पट्ट्यांचा अपवाद त्याच निकालात आहे. नोटीस हाती पडली की लोक घाबरून शेत सोडतात. तसे करू नका. पहिली निकालपत्रातील तो अपवाद वाचून घ्या, आणि १९९० पूर्वीच्या वहिवाटीचा जो पुरावा असेल, मग ती दंडाची पावती का असेना, तो जपून ठेवा. ज्या पावतीने तुम्हाला अतिक्रमक ठरविले, तीच तुमची वहिवाट सिद्ध करते.

आणि ज्यांच्याकडे जुनी वतनाची जमीन अजून आहे त्यांना एक सांगणे. २०२५ साली पुण्याच्या मुंढवा भागातील सुमारे ४० एकर महार वतन जमिनीचा तीनशे कोटी रुपयांचा व्यवहार वादात सापडला. माळरान म्हणून आपल्या पदरी टाकलेली जमीन शहर जवळ आले की सोन्याची होते, आणि मग कुलमुखत्यारपत्रे घेऊन गोड बोलणारी माणसे दारी येतात. वाचल्यावाचून कोणत्याही कागदावर अंगठा किंवा सही देऊ नका. घरातील शिकलेल्या मुलीकडून सातबारा वाचवून घ्या: भोगवटादार वर्ग कोणता, इतर हक्कांच्या रकान्यात काय लिहिले आहे, आणि पत्नीचे नाव आहे की नाही.

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा भरते. पुढच्या सभेत दहा कुटुंबांनी मिळून एकच अर्ज द्यावा: सबळीकरण योजनेत गावात किती जमीन दिली गेली, तिच्यातील किती शेतांना विहीर व वीज आहे, आणि नसेल तर ती कोणत्या खात्याकडे अडली आहे. उत्तर लेखी मागावे, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घेतल्यावाचून उठू नये.