ठोस की स्फटिक?

एखादी योजना निश्चित रूप घेऊ लागली, की इंग्रजी बातमी म्हणते ती ‘क्रिस्टलाइज’ झाली. मराठी बातमी म्हणते, तिला ‘ठोस स्वरूप’ आले. सेमीकंडक्टरच्या बाबतीत हे इंग्रजी क्रियापद शब्दशः आणि लाक्षणिक, दोन्ही अर्थांनी लागू पडते. कारण चिपचा जन्मच एका स्फटिकातून होतो. म्हणून शब्दशः अर्थ आधी नीट पाहू.

सिलिकॉन १४१४ अंश सेल्सिअसला वितळते. त्या द्रवाला लहानशा बीजस्फटिकाचा स्पर्श करवून तो फिरवत फिरवत वर ओढतात, मिनिटाला जेमतेम एखाद-दोन मिलिमीटर. खाली जडणारा प्रत्येक थर बीजाचीच रचना गिरवतो आणि बऱ्याचशा अशुद्धी द्रवात मागे राहतात. पोलंडच्या यान चोक्राल्स्की यांना १९१६ साली गवसलेल्या पद्धतीचेच हे रूप.

घाई केली तर? रचना मोडते. वेगवेगळ्या दिशांना तोंड केलेले असंख्य कण एकत्र थिजतात. तोही पदार्थ सिलिकॉनच, तितकाच कठीण आणि चकचकीत. सौरघटाला तो चालतो, प्रोसेसरला नाही. ‘ठोस’ या शब्दात मात्र दोन्ही सारखेच बसतात.

डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने सेमीकंडक्टर कार्यक्रमासाठी ७६,००० कोटी रुपयांना मंजुरी दिली. करार, पायाभरणी, इमारती यांनी योजना ठोस होते आणि ते आवश्यकच आहे. पण स्फटिकाला आधी बीज लागते: जिची शिस्त पुढच्या पिढीने गिरवावी अशी एखादी जाणती प्रयोगशाळा. मग लागतो संथ, अखंड वेग: वेळेवर हाती पडणारी विद्यावृत्ती आणि मध्येच न आटणारा निधी. स्फटिक ओढताना धक्का बसला, तर रचना तिथून पुढे बिघडते आणि अनेकदा सारे पुन्हा वितळवावे लागते. विद्यावृत्ती रखडल्यामुळे चौथ्या वर्षी संशोधन सोडणारा विद्यार्थी हा असाच धक्का असतो. त्याच्या हातात उतरलेले कसब कोणत्याही करारनाम्यात लिहिलेले नसते आणि त्याच्या जागी आलेल्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

विद्यार्थी मित्रहो, पुढची घोषणा वाचताना कोटींचा आकडा जरूर पाहा. त्यासोबत दोन प्रश्नही विचारा: यात बीज कोणते, आणि दहा वर्षे हा वेग कोण सांभाळणार?