इंजिन बदललं, रूळ तेच

मंगळवारी सकाळी अमरावतीहून मामेभावाचा फोन आला. राजापेठेत त्याचं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, प्रबंधाचं टायपिंग, बायोडाटा, अधूनमधून ऑनलाइन फॉर्म. म्हणाला, "दादा, मशीनमंधी आय-सेव्हन टाकला. पैसे गेले, पण फाइल उघडाले अजूनबी तेवढाच वेळ लागून राहिला."

मला राग आला, आणि तो भावावर नव्हता. "मशीन स्लो आहे" एवढं ऐकून, काहीही न मोजता "प्रोसेसर बदलून घ्या" सांगणाऱ्याचा राग आला. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! या स्तंभात मी किती वेळा लिहिलंय, आधी मोजा, मग खर्च करा. पुन्हा लिहितो, कारण पैसे पुन्हा आपल्याच माणसाचे गेले.

फोनवरच त्याला कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबायला लावलं. टास्क मॅनेजर उघडला. मग पेजमेकर आणि ब्राउझर उघडायला सांगितलं, आणि आकडे विचारले.

"सीपीयू?"

"बारा टक्के."

"मेमरी?"

"त्र्याण्णव."

"डिस्क?"

"शंभर. हलूनच नाही राहिली जी."

निदान झालं. प्रोसेसर रिकामा बसला होता. जुना आय-थ्रीही असाच बसून होता. आता त्याच्या जागी जास्त ताकदीचा गडी तसाच बसलाय.

वऱ्हाडातल्या माणसाला हे सांगायचं तर मला शकुंतला रेल्वेच आठवते. मूर्तिजापूरहून तिचा एक फाटा अचलपूरला जायचा, दुसरा यवतमाळला. अडीच फुटी रूळ. १९२१ साली मँचेस्टरला बनलेल्या वाफेच्या इंजिनाने ती सत्तर वर्षं ओढली, आणि १५ एप्रिल १९९४ ला त्याच्या जागी डिझेल इंजिन आलं. कोळसा गेला, पाणी भरण्याची खटपट गेली. पण अचलपूरच्या पाऊणशे किलोमीटरला तरीही चारेक तास लागायचेच. रूळ तेच, पूल तेच, आणि सिग्नलपासून तिकिटापर्यंत सगळं बघणारी गाडीतली मोजकी माणसंही तीच. इंजिनात जोर असून काय करणार? खालचा रस्ता त्याला पळू देत नव्हता. त्या गाडीवर माझा जीव आहे, ती पुन्हा सुरू व्हावी असं मला मनापासून वाटतं. पण ती धावायची तर आधी रूळ बदलावे लागतील, हे शकुंतलेवर माया करणारा प्रत्येक जण जाणतो. कॉम्प्युटरच्या बाबतीत मात्र हीच माणसं इंजिनाचे पैसे मोजून मोकळी होतात.

भावाच्या मशीनमधले रूळ म्हणजे त्याची जुनी हार्ड डिस्क. तबकडी फिरते, सुई सरकते, फाइलचा तुकडा शोधते. इथे-तिथे विखुरलेले तुकडे आणायचे तर अशी डिस्क सेकंदाला शंभरेक खेपा करते. साधी साटा एसएसडी त्याच वेळात हजारोंनी करते, कारण तिच्यात फिरणारं-सरकणारं काही नाहीच. त्यात त्याची रॅम चार जीबी. ती भरली की विंडोज उरलेलं ओझं पुन्हा त्याच डिस्कवर टाकतं. मग श्रीलिपीतली पत्रिका उघडायला मिनिट लागलं तर नवल काय!

मला जास्त लागलं ते पुढचं. त्याचा आधीचा प्रोसेसर आय-थ्री ४१३०, आताचा सेकंडहँड आय-सेव्हन ४७७०. दोन्ही २०१३ सालचे, दोन्ही चौथ्या पिढीचे. दोनाच्या जागी चार कोअर झाले, हे खरं. पण विंडोज ११ ला इंटेलची किमान आठवी पिढी लागते, आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपलाय. म्हणजे खर्च करूनही तो कुंपणाच्या अलीकडेच राहिला. त्याच्या बोर्डाला याहून नवीन पिढी बसतही नाही. इंटेलने सॉकेट ११५० वरून ११५१ केलं, मग १२००, मग १७००. सहाव्या-सातव्या पिढीच्या बोर्डात आठवीचा प्रोसेसर खाचेत बसतो आणि तरी चालत नाही. हे गिऱ्हाइकाला आधी सांगायला नको?

प्रोसेसर कधीच बदलू नये असं मी म्हणत नाही. अकोल्यात जठारपेठेत माझा एक मित्र लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. त्याच्याकडे रायझन ३ १२०० होता, चार कोअरचा. त्याच्या टास्क मॅनेजरमध्ये चित्र नेमकं उलटं होतं: डिस्क शांत, मेमरी निम्मी मोकळी, सीपीयू तासन्‌तास शंभरावर. त्याला मीच म्हटलं, बदल. एएमडीने एएम४ सॉकेट बरीच वर्षं टिकवल्यामुळे त्याच बी४५० बोर्डावर आठ कोअरचा रायझन ७ ५७००एक्स बसला. जुना प्रोसेसर काढण्याआधी बोर्डाचं बायोस अपडेट करून घेतलं, तेही यूपीएसवर, कारण मध्येच लाइट गेली तर बोर्डालाच मुकावं लागतं. आता रात्री लावलेलं रेंडर सकाळपर्यंत पुरत नाही. जेवणं आटोपून अंथरूण पडायच्या आत फाइल हातात असते. लग्नसराईत त्याची झोप वाचली. तो खर्च सोन्यासारखा.

आणि उन्हाळा! नेहमीचे वाचक म्हणतील, आलेच हे धुळीवर. येणारच. ४१३० चा उष्णतेचा हिशेब ५४ वॅटचा, ४७७० चा ८४ चा. भावाच्या मशीनवर पंखा जुनाच ठेवलाय, आय-थ्रीबरोबर आलेला पातळसा. मे महिन्यात अकोला-अमरावतीत पारा ४५ वर जातो. पत्र्याच्या दुकानात, धुळीने बुजलेल्या पंख्याखाली प्रोसेसर शंभर अंशांजवळ पोचला की स्वतःच वेग कमी करतो. विकत घेतलेली ताकद ऐन दुपारी अशी परत जाते. जिनिंगच्या आसपास राहणाऱ्यांच्या कॅबिनेटमधून मी कापसाचे पुंजके काढलेत. माझं तर ठाम मत आहे, आपल्याकडची निम्मी "स्लो" मशीनं ब्लोअर आणि चिमूटभर थर्मल पेस्टने सुधारतील.

भावाला सांगितलंय, आता आणखी काही घेऊ नको. रविवारी मी जातोय. एसएसडी आणि डीडीआर३ रॅमची एक पट्टी घेऊन जाईन, पंखा बदलू, जुन्या डिस्कवरच्या पत्रिका आणि प्रबंध आधी दुसरीकडे उतरवून घेऊ. आय-सेव्हन आता टाकलाच आहे, तर राहू दे. सोमवारी दुकान उघडल्यावर तीच पत्रिका उघडून तो मला पुन्हा तेच तीन आकडे कळवणार आहे.